मोटरसायकल न आवडणाऱ्या इंजिनिअरनं चिमट्याचा एक पाय काढला आणि चेतकचं चाक बदलणं सोपं झालं

पनवेल सोडलं की लागतो पळस्पे फाटा. इथून एक रस्ता खोपोलीमार्गे पुण्याला जातो, दुसरा कर्नाळ्यावरून गोव्याला. एक्सप्रेसवेवर दुचाकीला बंदी, त्यामुळं मुंबईहून टू-व्हीलरनं पुण्याला निघालेला माणूस आजही पळस्प्यावरूनच जातो.

आता ऐंशीच्या दशकातला पावसाळा आठवा. फाट्याच्या पुढं बजाज चेतक पंक्चर झाली. मागं बायको, पुढं उभं पोरगं. तरी कुणी घाबरत नव्हतं. डिकीतून पाना काढायचा, चार-पाच नट सोडायचे, स्टेपनी लावायची आणि घाटाला लागायचं. बुलेटवाल्याला मात्र गाडी ढकलत पंक्चरवाला शोधावा लागायचा.

फरक होता पुढच्या चिमट्यात. मोटरसायकलचा चिमटा दोन पायांचा. चाक दोन्हीकडून धरलेलं, म्हणून ते काढायचं तर आधी ॲक्सल ओढून काढावा लागतो. स्कूटरचं चाक एकाच बाजूनं धरलेलं असतं आणि दुसरी बाजू मोकळी. हा एकपायी चिमटा ज्यानं स्कूटरला दिला तो इटलीचा कोर्रादिनो दास्कानियो. त्याला स्वतःला मोटरसायकल अजिबात आवडायची नाही.

दास्कानियोचा जन्म १ फेब्रुवारी १८९१ चा, पोपोली या डोंगराळ गावातला. शाळकरी वयातच त्यानं ग्लायडर बनवलं. १९१४ साली ट्यूरिनमधून तो मेकॅनिकल इंजिनिअर झाला आणि पहिल्या महायुद्धात विमानांच्या कामाला लागला. पण डोक्यात भूत होतं हेलिकॉप्टरचं, जागच्या जागी वर उठेल अशा यंत्राचं.

त्रोयानी नावाच्या एका जहागीरदाराला सोबत घेऊन त्यानं कंपनी काढली. पहिले प्रयत्न फसले. ऑक्टोबर १९३० मध्ये रोमजवळच्या चांपिनो विमानतळावर त्याचं तिसरं यंत्र उडालं. १८ मीटर उंची, ८ मिनिटं ४५ सेकंद हवेत आणि एक किलोमीटरहून थोडं जास्त अंतर. हे तिन्ही तेव्हाचे जागतिक विक्रम होते. पण विक्रमानं पोट भरत नाही. पैसा आटला, कंपनी बुडाली आणि दास्कानियो पियाजिओ कंपनीत विमानांच्या पंख्यांवर काम करायला लागला.

दुसऱ्या महायुद्धात बॉम्बहल्ल्यांनी पियाजिओचा पोंतेदेराचा कारखाना उद्ध्वस्त केला. युद्ध संपल्यावर इटलीत विमानं बनवण्याची सोयच राहिली नाही. मालक एन्रिको पियाजिओला सामान्य माणसाला परवडेल अशी गाडी हवी होती. त्याच्या माणसांनी एक नमुना बनवलाही, त्याला नाव पडलं पापेरिनो, म्हणजे इटालियन डोनाल्ड डक. मालकाला ते बदक काही आवडलं नाही. त्यानं काम दास्कानियोकडं दिलं.

मोटरसायकलबद्दल दास्कानियोच्या तक्रारी होत्या. बसायला पाय पलीकडं टाकावा लागतो, चेनच्या तेलानं कपडे खराब होतात आणि पंक्चर झाल्यावर चाक काढणं म्हणजे शिक्षा. त्यानं चेन काढून टाकली, गिअर हँडलवर आणले, पुढं पाय ठेवायला मोकळी जागा ठेवली. चिमट्यासाठी तो विमानाकडं गेला. लहान विमानाचं चाक एकाच दांड्यावर बसलेलं असतं. तोच प्रकार त्यानं इथं आणला. एप्रिल १९४६ मध्ये पेटंटचा अर्ज गेला. गाडीचा आकार आणि आवाज गांधीलमाशीसारखा, म्हणून नाव पडलं व्हेस्पा.

एका पायाचा चिमटा टिकेल का, ही शंका रास्तच होती. पहिल्या गाडीत पुढं नुसती स्प्रिंग होती, मागं तर सस्पेन्शनच नव्हतं. मागचं १९४८ च्या मॉडेलमध्ये आलं, पुढं हायड्रॉलिक शॉकॲब्सॉर्बर त्यानंतर. एक खोड मात्र राहिली, पुढचा ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालते. चेतक चालवलेल्यांना हे सांगायला नको. चाक धरणारा आखूड हात सांध्यापासून मागं जातो, त्यामुळं ब्रेकचा जोर स्प्रिंग आणखी दाबतो.

खरी परीक्षा झाली १९५१ साली, वारेसेच्या सहा दिवसांच्या आंतरराष्ट्रीय ट्रायलमध्ये. डोंगर, कच्चे रस्ते, वेळेचं बंधन आणि गाडी बिघडली तर दुरुस्ती स्वाराची स्वतःची. मोठ्या चाकांच्या दणकट मोटरसायकलींमध्ये बुटक्या चाकांची व्हेस्पा उतरली. टाकी मोठी केलेली, इंजिन जरा तेज केलेलं, पण चिमटा तोच एकपायी. व्हेस्पाच्या स्वारांनी नऊ सुवर्णपदकं नेली. आपल्याकडं पावसाळ्यात चिखलातल्या स्कूटर रॅल्या होतात, त्यातले मेकॅनिकही आधी पुढच्या स्प्रिंगलाच हात घालतात. चिमटा बदलायच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

भारतात बजाजनं १९४८ पासून या स्कूटर आयात केल्या, मग परवाना घेऊन इथंच बनवल्या. १९७१ मध्ये परवाना संपला. पुढच्याच वर्षी चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचं, चिमटा दास्कानियोचा.

त्याला स्वतःला या कौतुकाचं फारसं सुख नव्हतं. लोक हेलिकॉप्टर विसरले आणि स्कूटर लक्षात ठेवली, ही सल त्याला शेवटपर्यंत होती. पियाजिओत त्यानं आणखी दोन हेलिकॉप्टरं बनवली, कारखान्यातून विक्रीला एकही गेलं नाही. सत्तरी पार केल्यावर ऑगुस्ता कंपनीसाठी शेतीच्या कामाचं एक छोटं हेलिकॉप्टर केलं, तेही नमुन्यापुढं सरकलं नाही.

६ ऑगस्ट १९८१ ला पिसा शहरात, नव्वदाव्या वर्षी तो गेला. त्या काळात आकुर्डीच्या कारखान्यातून रोज चेतक बाहेर पडत होत्या, आणि बुकिंग केलेली माणसं तरीही नंबर लागायची वर्षानुवर्षं वाट बघत होती.