आंरी मातीस

आंरी मातीस (३१ डिसेंबर १८६९ – ३ नोव्हेंबर १९५४) हे आधुनिक कलेतील अग्रगण्य फ्रेंच चित्रकार व शिल्पकार होते. रंगाने वस्तूचे केवळ अनुकरण न करता भावना प्रकट करावी, ही भूमिका त्यांनी आयुष्यभर जपली. ‘नृत्य’ (१९१०) हे त्यांचे भव्य चित्र या भूमिकेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मानले जाते.

पूर्वायुष्य

मातीस यांचा जन्म उत्तर फ्रान्समधील ल कातो-कांब्रेझी येथे एका व्यापारी कुटुंबात झाला. कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकिलाच्या कचेरीत कारकुनी करू लागले. विशीच्या सुमारास अपेंडिक्सच्या आजाराने ते अंथरुणास खिळले असता आईने विरंगुळ्यासाठी रंगपेटी आणून दिली. तेथून त्यांच्या आयुष्यास नवी दिशा मिळाली. १८९१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि पुढे गुस्ताव्ह मोरो यांच्या मार्गदर्शनाखाली शिकले. १९०५ च्या पॅरिसमधील शरदकालीन प्रदर्शनात त्यांची व सहकाऱ्यांची भडक रंगांतील चित्रे पाहून एका समीक्षकाने त्यांना हिंस्र श्वापदांची उपमा दिली. त्या उपहासावरूनच या पंथास फ्रेंचमध्ये नाव मिळाले; मराठीत तो रंगभारवाद म्हणून ओळखला जातो.

‘नृत्य’

मॉस्कोतील कापड व्यापारी सर्गेई श्चुकिन यांनी १९०९ मध्ये आपल्या वाड्याच्या जिन्यासाठी ‘नृत्य’ व ‘संगीत’ ही दोन चित्रे मातीस यांच्याकडून मागवली. ‘नृत्य’ सुमारे २.६ मीटर उंच व ३.९ मीटर रुंद आहे. निळे आकाश, हिरवी टेकडी आणि फेर धरलेल्या पाच लालभडक नग्न आकृती एवढाच त्याचा ऐवज. छायाप्रकाश व बारकावे जवळजवळ गाळल्यामुळे रंग परस्परांना अधिक तीव्र करतात. पुढील दोन आकृतींचे हात सुटलेले आहेत. ते जुळवण्याच्या धडपडीतून चित्रास गती येते.

१९१० मध्ये प्रदर्शित होताच या चित्रांवर कठोर टीका झाली. श्चुकिन यांनीही कचरून ती नाकारली. परंतु मॉस्कोस परतताना त्यांचे मन बदलले व त्यांनी चित्रे स्वीकारली. रशियन क्रांतीनंतर १९१८ मध्ये त्यांचा संग्रह सरकारजमा झाला. ‘नृत्य’ आता सेंट पीटर्सबर्ग येथील हर्मिटाज संग्रहालयात आहे. १९०९ मधील त्याचा फिकट रंगांतील पहिला आविष्कार न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे.

मोजक्या रंगांत समूहनृत्य रंगवण्याची रीत महाराष्ट्रातही स्वतंत्रपणे आढळते. ठाणे व पालघर जिल्ह्यांतील वारली भित्तिचित्रांत तारपा वाजवणाऱ्याभोवतीचा फेर गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखाटला जातो.

उत्तरायुष्य

१९१७ पासून मातीस यांचे वास्तव्य प्रामुख्याने नीस परिसरात होते. अमेरिकन संग्राहक आल्बर्ट बार्न्स यांच्यासाठी १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी नृत्याचाच विषय पुन्हा हाताळला. मापे चुकल्याने तेथील भित्तिचित्र त्यांना नव्याने करावे लागले. त्याच्या मांडणीसाठी त्यांनी रंगीत कागदाचे कापलेले तुकडे वापरले.

१९४१ मधील मोठ्या शस्त्रक्रियेनंतर उभे राहून रंगवणे कठीण झाले, तेव्हा हीच कात्री त्यांच्या उपयोगी पडली. खुर्चीत वा अंथरुणात बसून, रंगवलेल्या कागदांचे आकार कापून त्यांनी ‘जाझ’ (१९४७) हे चित्रपुस्तक सिद्ध केले. व्हांस येथील प्रार्थनागृहाची सजावट १९५१ मध्ये पूर्ण झाली. नीस येथे वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.