हात धुवायला सांगणारा डॉक्टर



आज इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांची गोष्ट. नाव अवघड आहे, पण त्यांचं काम आपल्या घराघरात पोचलंय.

त्यांचा जन्म १८१८ साली हंगेरीतल्या बुडा इथे झाला. १८४६ मध्ये ते व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणाच्या विभागात नोकरीला लागले. तिथे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणं करायचे, दुसऱ्यात सुइणी. पहिल्यात शंभरातल्या सुमारे १० बाळंतिणी तापाने जायच्या, दुसऱ्यात चाराहून कमी. हे बायकांनाही ठाऊक होतं. पहिल्या विभागात नका नेऊ, म्हणून त्या हातापाया पडायच्या.

१८४७ मध्ये सेमेलवाइसांचे स्नेही डॉ. कोलेच्का वारले. शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. त्यांच्या देहात बाळंतिणींसारख्याच खुणा सापडल्या, आणि कोडं सुटलं. डॉक्टर मंडळी शवं हाताळून तशीच बाळंतिणींना तपासायला यायची. सुइणी शवाला हात लावत नसत.

म्हणजे मरण आपल्याच हातांनी जात होतं. यात आपलेही हात आले, हे सेमेलवाइसांनी मान्य केलं. केवढं अवघड आहे हे!

मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये शंभरात १८ मृत्यू होते, जूनमध्ये दोनच्या आसपास आले. पुढे ऑक्टोबरमध्ये एका आजारी बाईला तपासलेल्या हातांनी शेजारच्या बाळंतिणींना तपासलं गेलं आणि १२ पैकी ११ जणी दगावल्या. तेव्हापासून प्रत्येक रुग्णानंतर हात धुण्याचा नियम आला.

पण आपले हात अस्वच्छ आहेत, हे अनेक मोठ्या डॉक्टरांना पटेना. १८४९ मध्ये सेमेलवाइसांची नोकरी गेली. हंगेरीत परतून त्यांनी तेच काम चालू ठेवलं. विरोधाने ते खचत गेले. १८६५ मध्ये त्यांना वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं आणि दोन आठवड्यांत जखमेतल्या संसर्गानेच ते गेले. वय अवघं ४७. पुढे पाश्चर आणि लिस्टर यांच्या कामामुळे जगाला त्यांचं म्हणणं पटलं.

मंडळी, सेवेची भावना कितीही निर्मळ असली तरी हात वेगळे धुवावेच लागतात. इस्पितळात कुणाला भेटायला गेलात, तर रुग्णाला किंवा बाळाला स्पर्श करण्याआधी हात धुवा, निघताना पुन्हा धुवा. आणि डॉक्टर-नर्सना हात धुतलेत का, असं नम्रपणे विचारायला संकोच करू नका. 🙏