ज्याँ-मार्तें शार्को

ज्याँ-मार्तें शार्को (२९ नोव्हेंबर, इ.स. १८२५, पॅरिस - १६ ऑगस्ट, इ.स. १८९३) हे फ्रेंच वैद्यकतज्ज्ञ होते. मज्जासंस्थेच्या विकारांच्या अभ्यासाचे ते प्रवर्तक मानले जातात. पित्तनलिकेतील तीव्र जंतुसंसर्गाची त्यांनी वर्णिलेली तीन लक्षणे ‘शार्को त्रयी’ म्हणून प्रसिद्ध आहेत.

जीवन

त्यांचे वडील घोडागाड्या बनविणारे कारागीर होते. इ.स. १८६२ मध्ये शार्को पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात रुजू झाले. तेथे दीर्घकाळ आजारी असलेल्या असंख्य स्त्रिया राहत. रुग्णाची लक्षणे बारकाईने नोंदवून ती पुढे शवविच्छेदनातील निष्कर्षांशी पडताळणे, ही त्यांची पद्धत होती. इ.स. १८८२ मध्ये त्यांच्यासाठी मज्जासंस्थेच्या विकारांचे स्वतंत्र अध्यासन निर्माण झाले. सिग्मंड फ्रॉइड काही काळ त्यांचे विद्यार्थी होते. उन्मादविकाराविषयीची त्यांची मते मात्र पुढे मागे पडली.

शार्को त्रयी

इ.स. १८७७ मध्ये त्यांनी थंडी वाजून येणारा ताप, कावीळ आणि पोटाच्या वरच्या उजव्या भागातील वेदना ही लक्षणे एकत्र मांडली. पित्तनलिकेत खडा अडकला की पित्त तुंबते, त्यात जंतू वाढतात आणि दाबामुळे ते रक्तात शिरतात. त्या काळी रक्तातील बिलिरुबिन मोजण्याची सोय नव्हती, प्रतिजैविकेही नव्हती. इ.स. १९५९ मध्ये रेनॉल्ड्स आणि डार्गन यांनी रक्तदाब घसरणे व शुद्ध हरपू लागणे या दोन गंभीर लक्षणांची भर घातली.

रक्तचाचण्यांची जोड

तिन्ही लक्षणे असल्यास निदान बहुधा अचूक ठरते. परंतु अनेक रुग्णांत ती एकत्र आढळत नाहीत. त्यांची वाट पाहण्यात गेलेला वेळ जिवावर बेतू शकतो. म्हणून इ.स. २००७ च्या टोकियो मार्गदर्शक तत्त्वांत लक्षणांबरोबर रक्तचाचण्या आणि प्रतिमाचित्रण यांनाही स्थान मिळाले. इ.स. २०१३ च्या आवृत्तीत पोटदुखी निदानाच्या निकषांतून वगळण्यात आली.

या निकषांनुसार पांढऱ्या पेशी दर मायक्रोलिटरला १०,००० हून अधिक किंवा ४,००० हून कमी असणे, अथवा सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढणे, हे दाहाचे चिन्ह होय. बिलिरुबिन २ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक असणे, अथवा अल्कलाइन फॉस्फटेजसारखी यकृताची विकरे वाढणे, हे पित्त तुंबल्याचे चिन्ह होय. दोन्ही गटांतील एकेक चिन्ह आढळल्यास संसर्गाचा संशय घेतात. नलिका रुंदावल्याचे किंवा अडथळ्याचे कारण सोनोग्राफीसारख्या तपासणीत दिसल्यावर निदान पक्के होते. त्यानंतरचे उपचार म्हणजे प्रतिजैविके देणे आणि तुंबलेले पित्त वाहते करणे.