ग्रीगची झोपडी

आमच्या एका खोलीत सहा माणसे. अभ्यासाला मी रात्री देवळाच्या ओवरीत बसतो. म्हणूनच नॉर्वेचा संगीतकार एडवर्ड ग्रीग मला जवळचा वाटला.

१८४३ साली बर्गन बंदरात तो जन्मला. विद्यार्थिदशेतच आजाराने त्याचे एक फुप्फुस निकामी झाले. एकुलती मुलगी १८६९ साली तान्हेपणीच गेली. १८८५ साली पत्नी नीनासह तो बर्गनजवळ पाण्याकाठी बांधलेल्या घरात राहायला आला. पण पाहुण्यांचा राबता थांबेना. तेव्हा १८९१ साली त्याने उतारावर, पाण्यालगत एकाच खोलीची लाकडी झोपडी उभारली. आत पियानो आणि खिडकीशी टेबल. तिथे बसून तो स्वररचना करी. १९०७ साली तो वारला. त्याची रक्षा घराजवळच्याच कड्यात ठेवली आहे.

एवढ्या कीर्तिवंतालाही निवांत कोपरा शोधावाच लागला! तेव्हापासून ओवरीत बसायची मला लाज वाटत नाही.