ठाण्याच्या मराठी शाळेतले दीक्षित मास्तर : जागा कळली तरच वेळ कळते

ठाणे : आज मोबाईलवर बोट ठेवलं की आपण कुठल्या अक्षांश-रेखांशावर उभे आहोत ते लगेच दिसतं. ठाणे शहर साधारण 19.2 अंश उत्तर अक्षांशावर आणि 73 अंश पूर्व रेखांशावर आहे. या दोन आकड्यांवाचून पंचांगही होत नाही. ते गणित हातानं करणारे थोर ज्योतिर्गणिती शंकर बाळकृष्ण दीक्षित एकेकाळी ठाण्याच्या मराठी शाळेत मास्तर होते.

1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी आली. त्याच वर्षी दापोलीजवळच्या मुरुड गावी दीक्षितांचा जन्म झाला. शिक्षण मॅट्रिकपर्यंत. रेवदंड्याला मास्तरकी करून 1880 च्या सुमारास ते ठाण्याला आले. पुढे बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचं ट्रेनिंग कॉलेज.

तो काळ वेळेच्या भांडणाचा होता. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे रेखांशाच्या एका अंशाला 4 मिनिटं. मद्रास मुंबईच्या पूर्वेला साधारण साडेसात अंश, म्हणून तिथलं घड्याळ अर्धा तास पुढे. 1881 मध्ये सरकारनं मद्रासची वेळ मुंबई इलाख्यातल्या कचेऱ्यांना लावली. लोकांनी विरोध केला आणि 1883 मध्ये तो हुकूम मागे घ्यावा लागला.

पंचांगातही हीच अडचण. जुने ज्योतिषी रेखांश उज्जैनपासून मोजत, त्या फरकाला देशांतर म्हणत. अक्षांश काढायला विषुवदिनी भर दुपारी 12 अंगुळांच्या काठीची सावली मोजत, ती पलभा. ठाण्याला ती चार अंगुळांहून थोडी जास्त भरते. या दोन्हींवरून गावाचा सूर्योदय निघतो आणि सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची. जागा चुकली तर कधी कधी सण-उपवासाचा दिवसच बदलतो.

गणित आकाशाशी जुळलंच पाहिजे, हा दीक्षितांचा आग्रह. विसाजी रघुनाथ लेले आणि जनार्दन बाळाजी मोडक यांच्याबरोबर त्यांनी सायन पंचांग चालवलं. त्यात संक्रांत तीन आठवडे अलीकडे येई. बहुतेकांना ते पटलं नाही, पण मास्तर हटले नाहीत.

गुप्तकाळाच्या शिलालेखांतल्या तिथी त्यांनी फ्लीटसाहेबांना गणितानं लावून दिल्या. 1896 मध्ये त्यांचा भारतीय ज्योतिषशास्त्र हा मोठा मराठी ग्रंथ निघाला. रॉबर्ट सेवेल यांच्यासोबतचं इंग्रजी पुस्तकही त्याच वर्षीचं. दोनच वर्षांनी, 1898 मध्ये, पंचेचाळिशी गाठण्याआधीच ते गेले.

त्यांचं गणित आजही शाळेच्या पटांगणात ताडून पाहता येतं. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशावर चालतं, त्यामुळे ठाणे-कल्याणकडे काठीची सावली दुपारी बाराला सर्वांत लहान नसते. वर्षाच्या सरासरीनं ती वेळ येते बारा वाजून 38 मिनिटांच्या आसपास.