तंबोऱ्याची जवारी आणि खाँसाहेबांचा हात

अमरावती, अकोल्याकडचा हौशी माणूस घरीच गिटार करायला बसला, की त्याला पहिली आठवण होते ती मेळघाटच्या सागवानाची. दारे-खिडक्यांसाठी सोन्यासारखे असलेले हे लाकूड गिटारच्या वरच्या फळीला मात्र जड पडते. तिथे स्प्रूस किंवा सीडरसारखे हलके लाकूड लागते आणि तेही रंधून जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर जाडीचे. पुढे पडद्यांचे गणित येते. तारेची लांबी साधारण 650 मिलिमीटर धरायची, ती 17.817 ने भागून पहिला पडदा बसवायचा, उरलेली लांबी पुन्हा तितक्यानेच भागून दुसरा. असे करत गेले, की बारावा पडदा बरोबर निम्म्यावर येतो. हिशेब सोपा आहे. पण त्यामुळे सप्तकाचे बारा सारखे तुकडे होतात, आणि या सारख्या तुकड्यांत आपल्या गाण्याचे किती सूर गळून पडतात, या प्रश्नात एका थोर गवयाने आपले बरेच आयुष्य घातले. ते म्हणजे किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ.

उत्तर प्रदेशातील कैराना या गावी 1872 मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील काले खाँ आणि काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे तालीम झाली. गळ्याच्या बरोबरीने सारंगी आणि बीनही हाती आली. तारेवर बोट ठेवून सूर शोधण्याची ही सवय त्यांना जन्मभर पुरली. शिवाय ते वाद्यदुरुस्तीत निष्णात होते. मैफलीचा गवई आणि वाद्याचा कारागीर हे दोन वेगळे लोक, असाच त्या काळी रिवाज होता. खाँसाहेबांनी ही रेघ मानली नाही.

तंबोऱ्याची दुरुस्ती म्हणजे मुख्यतः जवारी काढणे. भोपळ्यावर बसवलेल्या तबलीवर घोडी असते आणि तिच्या पाठीवरून तारा जातात. ती पाठ हाडाची, सांबरशिंगाची किंवा शिसवीची असते. पूर्वी हस्तिदंतही वापरला जाई. कानशीने घासून तिला अगदी अलगद उतार द्यायचा. तार छेडली, की ती या उतारावर किंचित घासत थरथरते आणि त्यातून स्वयंभू स्वर उमलतात. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा बारीक धागा सरकवला, की आवाज खुलतो. गिटार घडवणारा ज्या झणझणाटाला दोष मानून तारेखालची पट्टी टोकदार ठेवतो, तोच झणझणाट तंबोऱ्यात मुद्दाम आणावा लागतो. कानस एक हात जास्त फिरली, तर पाठ पुन्हा पहिल्यापासून घासायची. इथे मोजपट्टीचा उपयोग नाही, निवाडा कानाने करायचा असतो.

तरुणपणी खाँसाहेब बडोदे दरबारी गेले. तेथील सरदार घराण्यातील ताराबाई माने त्यांच्या शिष्या झाल्या, आणि 1890 च्या दशकात दोघांनी बडोदे सोडून संसार थाटला. पुढे मिरजेत प्लेगने त्यांना गाठले. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांनी सेवा केली आणि ते बरे झाले, अशी आठवण मिरजेत सांगितली जाते. ते कसेही असो, मिरज त्यांचे घर झाले हे खरे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांचा धंदा इंग्रजी अमलात बसला, तेव्हा त्यांच्यातील फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात याच गावात तंबोरे-सतारी घडवायला सुरुवात केली. पंढरपूरकडचे वाळवलेले भोपळे, तुणीच्या लाकडाची दांडी, आणि पिढ्यान् पिढ्या लोखंडाशी खेळलेली बोटे! हाताने वाद्य जाणणाऱ्या गवयाला याहून योग्य गाव सापडले नसते.

सांगलीत निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल नावाचे हौशी अभ्यासक होते. लाकडावर ताणलेल्या दोन तारांच्या साध्या यंत्रावर ते बावीस श्रुती मोजत. खाँसाहेब गात आणि देवल त्यांच्या सुराच्या जागी तारेची लांबी नोंदवत. 1910 मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. न्यायाधीश क्लेमंट्स यांनी पुढाकार घेतला आणि लंडनमध्ये श्रुती हार्मोनियमही तयार झाले. 1916 च्या बडोद्याच्या अखिल भारतीय संगीत परिषदेत मात्र जाणकारांनी ते स्वीकारले नाही. श्रुती रागागणिक हलते. पेटीची पट्टी एकदा घासून बसवली, की बसली. तारेवर वाढलेल्या खाँसाहेबांना हे उमगले नसेल असे वाटत नाही, तरीही त्यांनी या प्रयोगाला आपला गळा दिला. त्यांच्या टीकाकारांनी याची फारशी दखल घेतली नाही, हे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

पुण्यात 1913 मध्ये त्यांनी आर्य संगीत विद्यालय काढले. घर मात्र टिकले नाही. 1922 मध्ये ताराबाई पाचही मुलांना घेऊन निघून गेल्या आणि मुलांची नावेही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई बडोदेकर, सकीनाची सरस्वतीबाई राणे. या मुलांनी किराणा गायकी महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचवली, पण वडिलांचे नाव त्यांच्या नावापुढे लागले नाही. खाँसाहेबांनी ही जखम कशी सोसली, ते त्यांच्या गाण्यातच शोधावे लागते. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकांत जो करुण, पातळ, अखंड सूर ऐकू येतो, त्याचा उगम एवढ्या एका दुःखात आहे असे ठासून म्हणणे धाडसाचे ठरेल. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व यांनी हा सूर पुढे नेला आणि त्यांच्याकडून तो गंगूबाई हनगल व भीमसेन जोशी यांच्यापर्यंत आला.

दक्षिणेत त्यांना मोठा मान होता. म्हैसूर दरबारी त्यांचे गाणे होई आणि कर्नाटक संगीतातील सरगम त्यांनी आपलीशी केली. 1937 च्या ऑक्टोबरात मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोविल या लहानशा स्टेशनावर ते उतरले. फलाटावर अंथरूण घालून तंबोरा लावायला सांगितला, प्रार्थना म्हटली आणि 27 ऑक्टोबरला तिथेच प्राण सोडला. देह मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. दर्ग्याच्या उरुसात दरवर्षी गवई तिथे हजेरी लावतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फरीदसाहेबांच्या वारसदारांच्या दुकानांत घोडीवर कानस अजून हातानेच चालते.