छऱ्याची बंदूक आणि वाळूतली अंडी

सालिम अली गेले त्या वर्षी, १९८७ मध्ये, मी बँकेच्या नोकरीनिमित्त श्रीवर्धन तालुक्यात होतो. तिथल्या एका ओळखीच्या खातेदाराने कासवाची अंडी आणून दिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याची मला ऐकीव माहिती होती. तरीही मी ती उकडून खाल्ली.

पुढे सालिम अलींचं चरित्र वाचताना ती अंडी आठवली आणि घास अडकला.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा, मुंबईचा. आईवडील लहानपणीच गेले. मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी वाढवलं. मुलाच्या हाती छऱ्याची बंदूक आली आणि चिमण्या मारणं हा खेळ झाला. मारलेली चिमणी खायचीही. एकदा मात्र एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मुलगा थबकला. मामांनी त्याला मुंबई नॅचरल हिस्ट्री सोसायटीत मिलार्डसाहेबांकडे पाठवलं. साहेबांनी पेंढा भरलेल्या पक्ष्यांची कपाटं उघडून दाखवली आणि शिकाऱ्याचा अभ्यासक झाला.

वाट सोपी नव्हती. विद्यापीठाची पदवी नव्हती. बर्लिनला स्ट्रेझमान यांच्याकडे शिकून १९३० मध्ये परतले, तर म्युझियमची नोकरी उरली नव्हती. पत्नी तेहमिनासह ते किहीमला येऊन राहिले. आजचा रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता. त्या पावसाळ्यात घराजवळच्या सुगरणींची वसाहत त्यांनी नेटाने न्याहाळली. आपण कौतुक करतो सुगरणीचं. पण घरटं विणतो नर, मादी ते पारखून घेते आणि नर पुन्हा दुसरं विणायला घेतो, हे त्यांनी दाखवून दिलं. १९३९ मध्ये तेहमिना गेल्या. सालिम अलींनी काम सोडलं नाही. १९४१ मध्ये भारतीय पक्ष्यांवरचं त्यांचं पुस्तक आलं आणि घराघरांत पक्षी ओळखले जाऊ लागले.

सालिम अलींचं आयुष्य पक्ष्यांचं. पण त्यांच्या किहीमच्याच किनारपट्टीवर, खाली दक्षिणेला, दिवेआगर-हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले माद्या अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरावर अंडी. कुत्री, कोल्हे आणि माणसं ती उकरून नेत. मोठी कासवं मासेमारीच्या जाळ्यात अडकतात आणि श्वासासाठी वर येता न आल्याने गुदमरतात. किनाऱ्यावरच्या दिव्यांना भुलून पिल्लं समुद्राकडे पाठ फिरवतात. बाणकोट खाडीपलीकडे वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये घरटी राखायला सुरुवात केली. पुढे रायगडातही गावकरी आणि वनखातं घरट्यांभोवती कुंपण घालू लागलं. पूर्वी जिथं अंडी खाल्ली जात, त्याच गावांतली माणसं आता पहाटे पावलांचा माग काढत राखणीला जातात.

मागच्या मार्चमध्ये नातीला घेऊन दिवेआगरला गेलो. टोपलीतून सोडलेली पिल्लं लाटेकडे सरपटत निघाली. नातीने विचारलं की, आजोबा, तुम्ही इथे होतात तेव्हा कासवं पाहिली होती का.

पाहिली नव्हती. त्या मुलाने खाण्याआधी निरखून पाहिलं. तिशीतल्या मी नुसतं खाल्लं. नातीला मी अंड्यांची गोष्ट सांगून टाकली. ती बराच वेळ बोलली नाही.